दिंडी सांभाळायची तर आधी स्वतःला कसं सांभाळायचं? नव्या दिंडीचालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्षय्य तृतीया झाली की मला फोन सुरू होतात. कुणाचे वडील थकलेत, कुणाच्या काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि दिंडी आता आपल्याकडे आलीये, काय करू सांगा. पहिल्या वर्षी सगळे ट्रक, टँकर, तंबू, किराणा एवढंच विचारतात. पण एक वारी करून आले की त्याच माणसांचे प्रश्न बदलतात, मग राग, रडू, मानपान, भांडणं, झोप न लागणं. ते दुसरे प्रश्न इथे एकत्र लिहिलेत.

मी 2014 पासून सासऱ्यांच्या जागी आमची दिंडी बघते. माउलींच्या सोहळ्यात रथामागे चालतो आम्ही, दरवर्षी 180 च्या आसपास माणसं, निम्म्याहून जास्त बायका आणि साठीच्या पुढचे बरेच. मी कीर्तनकार नाही, माळकरी आहे, आणि जे सांगतेय ते चालून चालून कळलेलं आहे.

व्यवस्था नीट लावली की दिंडी चालते ना? त्यात मनाची तयारी, साधना वगैरे कशाला?

मला पण पहिल्या वर्षी असंच वाटलेलं. माझ्याकडे वही होती आणि वहीत सगळं होतं, भिशी, म्हणजे दिंडीची माणशी वर्गणी, किती जमली, ट्रकवाल्याला ॲडव्हान्स किती दिला, कुठल्या मुक्कामाला पोळ्या आणि कुठे पिठलं भाकरी, तंबूच्या खुंट्या किती. वहीत काहीच चुकलं नव्हतं. तरी लोणंदला पोचेपर्यंत अर्धी दिंडी माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

आळंदी ते पंढरपूर अठरा-वीस दिवस माणसं घर सोडून असतात. पायाला फोड, रात्री तंबूत पाणी शिरतं, पहाटे तीनला उठायचं, आंघोळीला टँकरखाली लाईन. अशा वेळी कुणी तुमची वही बघत नाही, तुमचा चेहरा बघतात. टँकर दोन तास उशिरा आला हे माणसं दुसऱ्या दिवशी विसरतात, पण टँकर का नाही आला म्हणून विचारायला गेलो तेव्हा ही बाई आपल्याशी कशी बोलली, ते पुढच्या वर्षीपर्यंत लक्षात राहतं. मला सांगितलंय लोकांनी नंतर, तारखेसकट.

आणि ही काही सहल नाही. एखादी म्हातारी वर्षभर कोंबड्या सांभाळून, अंडी विकून भिशीचे पैसे जमवते, का तर अठरा दिवस नाम घेत चालता यावं. तिच्या त्या अठरा दिवसांतला एक दिवस माझ्या तोंडामुळे खराब झाला तर ते नुकसान मी कसं भरून देणार?

मी विणेकरी नाही, मागे सामान आणि स्वयंपाक बघतो. हे सगळं मला लागू होतं का?

होतं, आणि जरा जास्तच होतं.

दिंडीत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, पखवाज, मग विणेकरी, आणि मागे डोक्यावर तुळस, हंडा घेतलेल्या बायका. कुठला अभंग लावायचा ते विणेकरी ठरवतात आणि सगळे ऐकतात, कारण गळ्यात वीणा आहे, तिचा मान आहे. तुमच्या गळ्यात काही नाही. तुमचं लोकांनी का ऐकावं, तर तुम्ही कसे आहात त्यावरून, दुसरं काही हातात नाही तुमच्या.

वीणा खाली ठेवत नाहीत हे तुम्हाला माहीतच असेल, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा घेणारा दोघं एकमेकांच्या पाया पडतात, मग देणारा सत्तर वर्षांचा असो आणि घेणारा वीस वर्षांचा. आमच्या स्वयंपाकातल्या मावशी कोठीच्या ट्रकची किल्ली दुसऱ्या मावशींकडे देताना तशाच वाकतात. त्यांना कुणी शिकवलं नाही. मी ते पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझी वही पण मी तशीच धरायला हवी.

राग आवरत नाही. दिवसभर शांत असतो, पण संध्याकाळी फुटतोच. काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा लांब लिहिते, आणि माझंच सांगते.

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात मोठा, तीस-बत्तीस किलोमीटर, वर दिवे घाट, आणि बहुतेक वेळा नेमकी एकादशी, म्हणजे पोटात साबुदाणा नाहीतर शेंगदाण्याचा लाडू. 2016 ला आमचा सामानाचा ट्रक हडपसरच्या पुढे गर्दीत अडकला. आम्ही सासवडला पोचलो तर तंबू नाहीत, अंधार पडत आलेला, वरून रिमझिम, आणि मी आदल्या रात्री दोन तास झोपलेली. एक आजी आल्या, म्हणाल्या, माझी पिशवी कुठाय गं? सांगितलं, ट्रकमध्ये आहे, येईल. परत आल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी सगळ्यांदेखत ओरडले, पिशवी पिशवी काय लावलंय, इथं माणसं उघड्यावर आहेत, तुम्हाला पिशवीचं पडलंय! आजी गप्प झाल्या, पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि जाऊन एका झाडाखाली बसल्या.

पिशवीत त्यांच्या बीपीच्या गोळ्या होत्या. दुपारची चुकली होती, आणि मी ओरडल्यावर त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. रात्री उठून चालताना चक्कर येऊन पडल्या, मुक्कामावरच्या डॉक्टरांकडे नेलं, सकाळपर्यंत बऱ्या झाल्या. मी रात्रभर त्यांच्याजवळ बसून होते आणि एकच विचार, मी एवढंच विचारलं असतं की आजी पिशवीत काय आहे?

तेव्हापासून काय करते ते सांगते. एकादशीच्या दिवशी संध्याकाळी मी एकटी निर्णय घेत नाही. आमच्यातले एक गुरुजी आहेत रिटायर, त्यांना उपवास सोसतो, माझं पित्त खवळतं, तर त्या दिवशी सगळ्यांनी त्यांना विचारायचं असं आधीच सांगून ठेवते. राग म्हणजे निम्म्या वेळा भूक आणि झोप असते हे मान्य करायला मला तीन वर्षं लागली, कारण मला वाटायचं की वारीत भूक लागली म्हणणं कमीपणाचं आहे. दुसरं, तोच माणूस तेच परत विचारायला आला की आता मी उत्तर देत नाही, मीच विचारते, माउली काय झालंय? तिसऱ्यांदा विचारणाऱ्या माणसाचा खरा प्रश्न बहुतेक वेळा वेगळाच असतो. आणि अगदीच भडका उठला तर बोलायच्या आधी मनात रामकृष्णहरी म्हणते, मोजून अकरा वेळा, तोवर समोरचा उभा राहिला तर राहू दे. हे ऐकायला साधं वाटतं, करून बघा, चौथ्यालाच तोंड उघडावंसं वाटतं.

राग येतोच अजून. पण आता तो आला की मला कळतं तरी.

चूक झाली तर सगळ्यांसमोर माफी मागायची का? त्याने वचक जातो असं घरचे म्हणतात.

जिथे ओरडलात तिथेच मागायची. दहा माणसांत बोललात तर त्या दहांसमोर, एकट्यात बोलला असाल तर एकट्यात. आणि त्याच दिवशी, उद्यावर नाही, कारण उद्या पहाटे तीनला परत पळापळ आहे आणि मग ते राहूनच जातं.

वारीत आपण रस्त्यात भेटेल त्याच्या पाया पडतो, अनोळखी माणसाच्या सुद्धा, पोराटोराच्या सुद्धा, आणि तो पण आपल्या पडतो. दिवसातून पन्नास वेळा वाकतो. मग ज्याला दुखावलं त्याच्यासमोर वाकताना एवढं अवघड का जातं याचा मी खूप विचार केलाय. मला वाटतं अनोळखी माउलीपुढे वाकताना आपलं काही जात नाही. त्या आजींच्या पाया पडायला मला सासवडचा दुसरा दिवस उजाडला, मुक्काम दोन दिवसांचा होता म्हणून बरं. मी वाकले तर त्या पण वाकल्या, डोक्याला डोकं लागलं. त्या नंतर सहा वर्षं आमच्यातच चालल्या.

वचकाचं म्हणाल तर माझा तरी गेला नाही. उलट माणसं अडचण लवकर सांगायला लागली.

तक्रारी इतक्या येतात की वेड लागायची वेळ येते. कुणाकुणाचं ऐकायचं?

माउलींच्या सोहळ्यात संध्याकाळी मुक्कामाला समाजआरती होते ती नीट बघा, याचं उत्तर तिथे रोज मिळतं.

पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-पखवाजांचा एवढा गजर की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. मग सोहळ्याची शिस्त बघणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतात. एका क्षणात हजारो टाळ थांबतात, अंगावर काटा येतो, मी इतकी वर्षं बघतेय तरी येतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. आणि बाकी सगळं शांत असल्यामुळे तो एवढासा आवाज सगळ्या तळाला ऐकू जातो. मग चोपदार स्वतः त्या दिंडीपाशी जातात, काय झालं ते ऐकून घेतात, निवाडा होतो, तेव्हा तो टाळ थांबतो. हरवलं-सापडल्याचं पुकारतात, आणि मग आरती. म्हणजे एका दिंडीचं गाऱ्हाणं ऐकून झाल्याशिवाय एवढ्या मोठ्या सोहळ्याची आरती सुरू होत नाही. ही रीत घालून देणाऱ्यांनी माणसाचं मन किती ओळखलं असेल!

आम्ही आमच्यापुरतं तसं करतो. हरिपाठ झाला की जेवायच्या आधी दहा मिनिटं, मी सगळ्यांसमोर बसते, ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं. मी मधे बोलत नाही, खुलासा करत नाही, फक्त ऐकते आणि वहीत लिहिते. सुरुवातीला फार जड जायचं, कारण तक्रारीतली निम्मी गोष्ट चुकीची असायची आणि माझ्या जिभेवर उत्तर तयार असायचं. पण लक्षात आलं की माणूस पूर्ण बोलला की बऱ्याचदा स्वतःच म्हणतो, जाऊ द्या ताई, एवढं काही नाही. दिवसभर कुजबुज करणारे पण त्या दहा मिनिटांत बोलायला लागले. आणि आमच्यात पंगत त्याशिवाय बसत नाही, त्यामुळे कुणी उगाच लांबवत पण नाही, सगळ्यांना भूक लागलेली असते.

सगळं मान्य करायची गरज नाही. ऐकायचं मात्र सगळ्यांचं.

कुणी तोंडावर चूक दाखवली की फार लागतं. एवढं करून हेच का, असं वाटतं.

नामदेव महाराजांची गोष्ट आठवा. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत जमलेले, मुक्ताई म्हणाली काका तुम्ही मडकी थापटून बघता, यातली पक्की किती कच्ची किती तेवढं सांगा. काका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत गेले, सगळे गप्प बसले. नामदेवांना मात्र राग आला, अपमान वाटला. आणि काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे.

लहानपणी ऐकताना मला नामदेवांची दया यायची. आता चालक झाल्यावर वेगळंच दिसतं. ज्यांच्याशी पांडुरंग बोलतो म्हणतात, ज्यांच्या कीर्तनाला लोक जमतात, त्या माणसाला चारचौघांत कच्चा म्हटलं. ते रागावले, देवाकडे जाऊन गाऱ्हाणं पण केलं. पण मग उठले आणि औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. राग आला यात काही नवल नाही, तुम्हाला येतो मला येतो. पण आपण रागाच्या नंतर काय करतो? मी तर पूर्वी त्या माणसाचं नाव पुढच्या वर्षीच्या लिस्टमधून गाळायचा विचार करायचे. एकदा गाळलं पण होतं, आणि ते चूक होतं.

आता आमच्यात दोन माणसं अशी आहेत ज्यांना मीच सांगून ठेवलंय की माझं काय चुकतंय ते रोज नाही पण दर दोन-तीन मुक्कामांनी मला सांगायचं. त्यातली एक माझी जाऊबाई आहे, ती अजिबात गोड बोलत नाही. तिचं ऐकून रात्री झोप लागत नाही कधी कधी. तरी तिला विचारते.

आणि मलाच दुखावलं तर? चालकाने कुणाकडे रडायचं?

हा प्रश्न पुरुषमंडळी विचारत नाहीत, दुसरंच काहीतरी विचारतात आणि त्यातून हे निघतं.

माउली स्वतः एकदा दार लावून बसलेत, लोकांच्या बोलण्याने मन दुखावलं म्हणून. तेव्हा धाकटी बहीण मुक्ताई दाराबाहेर उभी राहून विनवते, ताटी उघडा ज्ञानेश्वरा. ती त्यांना नुसतं समजावत नाही, हक्काने सांगते, की जग रागाने आग झालं तर संताने पाणी व्हावं. मला यात दोन्ही गोष्टी धीर देतात. एक, की एवढ्या मोठ्या माणसाला सुद्धा दार लावून बसावंसं वाटलं. दुसरी, की बाहेर कुणीतरी धाकटं उभं होतं आणि त्यांनी तिचं ऐकलं.

तुमच्या दाराबाहेर कोण आहे ते वारीला निघायच्या आधी बघून ठेवा. नवरा, बायको, मित्र, विणेकरी बुवा, कुणीही. माझ्यासाठी आमचे पखवाजवाले काका आहेत, त्यांच्याबरोबर मी विसाव्याच्या वेळी चहा घेते आणि मनातलं सगळं बोलते, ते काही सल्ला देत नाहीत, नुसतं हं हं म्हणतात. ट्रकच्या मागे जाऊन रडले तरी चालतं. सगळं आत दाबून हसऱ्या तोंडाने अठरा दिवस काढणारे चालक मी पाहिलेत, ते वाखरीपर्यंत, म्हणजे पंढरपूरच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामापर्यंत, येऊन कुणावर तरी तुटून पडतात.

धावपळीत स्वतःचा नेम चुकतो. काकडा होत नाही, हरिपाठाला बसायला वेळ नाही. मग आपण कसले वारकरी?

मला पण याचं फार वाईट वाटायचं. सगळ्यांना चालता यावं म्हणून मी गाडीतून पुढे जाऊन जागा बघायची, आणि माझंच चालणं बुडायचं.

एक गोष्ट ठरवली, हरिपाठ सोडायचा नाही. काहीही होवो, हरिपाठाला मी दिंडीबरोबर उभी असते, फोन बंद, ट्रकवाल्याने दहा वेळा केला तरी उचलत नाही. अर्ध्या तासात काही बिघडत नाही. आणि रोज थोडं तरी चालायचं, दोन किलोमीटर का होईना, शेवटच्या ओळीत, लंगडणाऱ्या माणसांबरोबर. पुढे चाललं की अभंग ऐकू येतात, मागे चाललं की कोण गप्प गप्प आहे ते कळतं. बाकी कामालाच नाम जोडायचं, पीठ मोजताना, चिखलात खुंटी ठोकताना. कधी जुळतं कधी नाही.

बाईने दिंडी चालवायची म्हटल्यावर लोक ऐकतात का?

पहिली दोन वर्षं ऐकलं नाही. मला विचारायचे आणि मग जाऊन सासऱ्यांना फोन करायचे. मी भांडले नाही, कारण भांडायची ताकद नव्हती तेव्हा, खरं सांगते. पण जे बायकांचे प्रश्न आजवर कुणी विचारले नव्हते ते विचारले, पहाटे अंधारात कुठे जायचं, आंघोळीला आडोसा, पाळी आली तर काय. आमच्यात पाळीतली बाई चालते, तुळस घेते, पंगतीला बसते, कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. एका बुवांनी हरकत घेतली होती, मी त्यांना बाजूला घेऊन एवढंच म्हटलं की जनाबाई, मुक्ताई, सोयराबाई, बहिणाबाई सगळ्या बायकाच होत्या की. ते काही बोलले नाहीत, पण परत विषय काढला नाही.

पंगतीत, तंबूत जातीवरून कुजबुज होते. दुर्लक्ष करावं का?

अजिबात नाही. इथे शांत राहणं म्हणजे समजूतदारपणा, असं मला वाटत नाही.

चोखोबांची समाधी पंढरपुरात कुठे आहे ते सगळ्यांना माहितीये, महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीच्या समोर. आत जाऊ दिलं नाही. आणि पुढे शेकडो वर्षांनी, 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागलं तेव्हा मंदिर सगळ्यांना खुलं झालं. म्हणजे आपण माउली माउली म्हणत पाया पडत होतो तेव्हाही हे चालूच होतं. म्हणून मी आळंदीला निघायच्या आधीच सांगते, पंगत एक, पाणी एक, तंबूच्या जागा चिठ्ठ्या टाकून. ज्यांना पटत नाही त्यांची भिशी परत. एका वर्षी चार माणसं गेली, जुनी माणसं होती, मला रात्रभर वाईट वाटलं. पण चिठ्ठ्या अजून तशाच टाकतो.

हार, सत्कार, फोटो, बॅनरवर नाव. हे टाळायचं की घ्यायचं?

गाव प्रेमाने हार घालतं, तो नाही म्हणून त्यांना दुखवू नका. घ्या आणि वीणेला घाला.

मला या बाबतीत हैबतबाबा आरफळकर आठवतात. साताऱ्याजवळच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी मोठे सरदार. आज आपण माउलींचा जो सोहळा बघतो, शिस्तीत चालणाऱ्या दिंड्या, घोडे, ही घडी त्यांनी बसवली, 1832 च्या सुमारास. त्याआधी माउली आणि तुकोबांच्या पादुका एकत्र नेण्याची सुरुवात तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी 1685 ला केली होती. तर हैबतबाबांची आठवण कुठे आहे? आळंदीला महाद्वारात, पायरीवर. कार्तिकीच्या सोहळ्याची सुरुवात त्या पायरीच्या पूजेने होते आणि एरवी वर्षभर लोक तिथूनच आत जातात. मी आळंदीला गेले की आधी तिथे हात लावते.

बॅनरचं आमच्यात सोपं आहे, बॅनर छापतच नाही. तेवढ्या पैशात पावसाचे कागद येतात.

वाटेत कुणी गेलं तर?

2018 ला आमच्यातले एक बाबा नातेपुत्याच्या मुक्कामी झोपेत गेले. लोक म्हणतात वारीत मरण भाग्याचं, आणि त्या बाबांना पण तसंच वाटत असणार. पण त्यांच्या मुलाला फोन मला करायचा होता. तेव्हा भाग्याचं वगैरे काही बोलू नका, घरच्यांनी म्हटलं तर म्हणू दे, आपण नाही. मी फक्त सांगितलं काय झालं, किती वाजता, शेवटचं जेवण नीट केलं होतं, हरिपाठाला उभे होते, आणि तुम्ही येईपर्यंत मी इथून हलत नाही. दिंडी पुढे गेली, आम्ही तिघं मागे थांबलो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बाबांची जागा ओळीत रिकामी ठेवून चाललो, कुणाचं रडू आलं तर येऊ दिलं. माझं पण आलं.

घरी परतल्यावर रिकामं रिकामं वाटतं, चिडचिड होते. हे नॉर्मल आहे का?

होतं सगळ्यांना. काला झाला, प्रसाद वाटला, ट्रक रिकामा झाला, आणि दुसऱ्या दिवशी घरात कुणी माउली म्हणत नाही. आठ दिवस तरी मोठं काम अंगावर घेऊ नका, हिशोब मात्र त्याच आठवड्यात सगळ्यांसमोर मांडा, नाहीतर मनात किंतु राहतात दोन्हीकडे.

2020 ला पायी वारीच नव्हती, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, आम्ही टीव्हीवर बघितलं. त्या वर्षी मला कळलं की मला वारीपेक्षा वारीतली माझी धावपळ जास्त आठवतेय, कुणीतरी मला हाक मारतंय, माझ्यावाचून अडतंय. ते कळल्यावर मी बरेच दिवस अस्वस्थ होते. मग रोज सकाळी अंगणात एकटीच टाळ घेऊन उभी राहायला लागले, समोर कुणी नाही, सांभाळायला कुणी नाही. अवघड गेलं. अजून करते.

पुढचा माणूस कसा तयार करायचा?

आपण चालतोय तोवरच वही दुसऱ्याच्या हातात द्यायला लागायची, गुडघे जायची वाट बघायची नाही. आधी एक मुक्काम, मग दोन, मग पूर्ण टप्पा. तो चुकणार, आणि चुकताना बघवत नाही, हेच खरं अवघड काम आहे. मी पुतण्याला दोन वर्षं असं शिकवलं की तो काही बोलायच्या आत मीच उत्तर द्यायचे, जाऊबाईने सांगितलं तेव्हा कळलं.

गेल्या वर्षी सासवडचा मुक्काम पूर्ण त्याच्याकडे होता. एकादशी, घाट चढून सगळे दमलेले, आणि टँकर आला नाही. मी तंबूत पाय वर करून पडले होते, बाहेर आवाज वाढत चाललेला, एक मावशी त्याला तिसऱ्यांदा तेच विचारत होत्या. तो काय म्हणतो ते मी कान देऊन ऐकत होते. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग त्याचा आवाज आला, माउली बसा जरा इथं, काय झालंय सांगा. मी उठले नाही.